लोंबता अशोक लावताय? आधी जागा बघा

जळगावच्या कॉलन्यांत किंवा धुळ्याच्या देवपुरात कंपाउंडला लागून, फांद्या खाली सोडून उभी असलेली उंच, सडपातळ झाडं जागोजागी दिसतात. सगळे त्यांना अशोक म्हणतात. केशरी-लाल फुलांचा सीताअशोक तो वेगळा. हा आसुपालवाचा लोंबता प्रकार, सीताफळाच्या कुळातला. थंड देशांत बागेच्या शोभेसाठी लोंबता बर्च लावतात. आपल्या उन्हाळ्यात तो टिकणार नाही. ती हौस इथे अशोकच भागवतो.

झाड सदाहरित. पानं लांब, कडा लाटांसारख्या. नवी पालवी तांबूस, तुकतुकीत. उन्हाळ्याच्या तोंडाला फिकट हिरवी, चांदणीच्या आकाराची फुलं येतात. ती पानांतच लपतात, म्हणून जवळ जाऊनच बघावी लागतात. काळसर पिकणारी फळं कोकीळ आणि वटवाघळं आवडीनं खातात. ‘टेल्ड जे’ या काळ्या-पोपटी फुलपाखराच्या अळ्या याच पानांवर वाढतात. त्यामुळे चार पानं कुरतडलेली दिसली की लगेच फवारणी करू नका.

मूळचं हे दक्षिण भारत आणि श्रीलंकेतलं झाड. आपला कोरडा, तापलेला वारा त्याला सोसत नाही. पानांच्या कडा करपतात. केळीच्या बागेला वाऱ्याच्या बाजूनं शेवरीचं कुंपण करतात, तसा कोवळ्या रोपाला आडोसा द्या. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचतं आणि मुळं कुजतात. म्हणून दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन मातीत मुरूम व कुजलेलं शेणखत मिसळा. रोपांत चार-पाच फुटांचं अंतर ठेवा. पहिले दोन उन्हाळे ठिबक हवंच, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादनही हवं. चुनखडीच्या जमिनीत शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडलं, तर ती लोहाची कमतरता. हिराकसाची सौम्य फवारणी उपयोगी पडते. शेंडा मात्र छाटू नका, झाडाचा डौल जातो.

अरुंद जागेत आडोसा हवा असेल, तर हे झाड उत्तम. पण त्याच्या फांद्या खोडालगतच उतरतात, त्यामुळे सावली जेमतेम पडते. पारा पंचेचाळीसवर जाणाऱ्या आपल्या गावांत रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, बसथांब्याजवळ अशोकाच्या रांगा लावणं म्हणजे मोक्याची जागा वाया घालवणं. तिथे कडुनिंब, करंज, चिंच लावा. भिंतीलगत अशोक खुशाल लावा. माणसं जिथे उन्हात थांबतात, तिथे आधी सावलीचं झाड हवं.