गच्चीवर उतरलेला अडीच हजार वर्षांपूर्वीचा प्रकाश

आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी भोजन होते. त्यामुळे पावसाळा सरून आकाश निवळले, की सातच्या सुमारास मी गच्चीवर जाण्यास मोकळा असतो. पनवेलच्या त्या गच्चीवरून पूर्वेस प्रबळगड आणि माथेरानचे डोंगर दिसतात. दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका आहे आणि वायव्येस कळंबोली व नवी मुंबईच्या दिव्यांची पिवळट पांढरी झळाळी. कार्तिकातील संध्याकाळी मला जे टिपायचे असते, ते नेमके याच झळाळीच्या दिशेला असते.

अभिजित हा ठळक तारा वाचकांना परिचित असेल. त्याच्याजवळ, स्वरमंडळ या तारकासमूहात, धुराच्या वलयासारखा एक तेजोमेघ आहे. मेसिए यांच्या यादीत त्याचा क्रमांक 57. अशा तेजोमेघांना मराठीत बिंबाभ्रिका म्हणतात. विल्यम हर्शेल यांनी 1781 मध्ये युरेनस शोधला होता. पुढे त्यांना आकाशात काही अंधूक गोल बिंबे दिसली. ती ग्रहासारखी भासल्याने त्यांनी त्यांना ग्रहाशी जोडणारे नाव दिले आणि ते रूढ झाले. वस्तुतः ग्रहांशी त्यांचा काही संबंध नाही. सूर्यासारखा तारा आयुष्याच्या अखेरीस आपली बाह्य आवरणे अवकाशात सोडून देतो. आत उरलेला उष्ण गाभा त्या वायूला उजळवतो. काही हजार वर्षांत तो वायू विरून जातो. आपला सूर्यही सुमारे पाच अब्ज वर्षांनी अशाच अवस्थेकडे जाईल.

माझी दुर्बीण सहा इंची आरशाची आहे. तिच्यातून डोळ्याने पाहिले, तर हे वलय फिकट राखाडी ठिपक्यासारखे दिसते. कॅमेऱ्याच्या संवेदकावरही त्याची प्रतिमा जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर भरते. शहरी आकाशातून एवढ्या क्षीण वस्तूचे छायाचित्र कसे मिळते, याचे उत्तर व्यापारी घरातील माणसाला चटकन समजावे. ते उत्तर म्हणजे रोजमेळ.

प्रथम दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. पनवेलहून ध्रुव क्षितिजापासून सुमारे 19 अंश उंच असतो. मग यंत्र पृथ्वीच्या भ्रमणाशी मेळ राखत ताऱ्याचा पाठलाग करते. मी दोन दोन मिनिटांची छायाचित्रे घेत राहतो. वलय क्षितिजाकडे झुकेपर्यंत तासभर मिळतो. म्हणून तीन संध्याकाळी मिळून शंभर छायाचित्रे जमतात. त्यांतील प्रत्येक छायाचित्र रवाळ आणि निराशाजनक असते. परंतु संगणकावर ती ताऱ्यांवर तारे जुळवून एकत्र केली, की गंमत घडते. वलयाचा प्रकाश प्रत्येक छायाचित्रात त्याच जागी असतो, म्हणून तो साचत जातो. रवाळपणा मात्र यादृच्छिक असतो, कधी जमेकडे तर कधी नावेकडे, म्हणून तो पुष्कळसा फिटतो. शंभर छायाचित्रांनी प्रतिमेची स्वच्छता शंभरपट होत नाही, दहापट होते. श्रमाच्या मानाने ही प्राप्ती कमी वाटली, तरी ती खात्रीची असते.

पहिले छायाचित्र आईला दाखवले तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, ‘‘हे रंग खरे आहेत, की तू भरलेस?’’ मी क्षणभर गप्प झालो. मी चित्र अधिक खुलावे म्हणून रंग बरेच चढवले होते. आता रेखीव तपशील स्वतःच कल्पून भरणारी साधनेही संगणकावर सहज मिळतात. खतावणीत खोटी जमा दाखवणे आणि वायूचे न टिपलेले धागे चित्रात काढणे, या दोहोंत मला त्या दिवसापासून फरक दिसेनासा झाला. ते चित्र मी पुसून टाकले आणि पुन्हा बसलो.

रंग खरे असतात, हे मात्र आईला सांगता आले. विल्यम हगिन्स यांनी 1864 मध्ये कालेय तारकासमूहातील एका बिंबाभ्रिकेचा वर्णपट पाहिला. त्यात सलग इंद्रधनुष्याऐवजी मोजक्या तेजस्वी रेषा आढळल्या. तेजोमेघ वायूचा आहे हे त्यातून सिद्ध झाले. त्यांतील हिरवी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे 1927 मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवले. याच रेषेचा अभ्यास आपल्या पुण्यातही झाला होता. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृगातील तेजोमेघाचा वर्णपट तपासला. तेथील वीस इंची दुर्बीण 1912 नंतर कोडाईकनालला गेली. एका देणगीने विद्येची केवढी सोय होते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

माझ्या कॅमेऱ्यापुढील गाळणी मुख्यतः ही ऑक्सिजनची हिरवी आणि हायड्रोजनची तांबडी रेषा तेवढी आत येऊ देते. शहरातील बराचसा प्रकाश बाहेरच अडतो, पण सगळा नाही. रस्त्यावरील जुने सोडियमचे दिवे मोजक्या रंगांत प्रकाश देत. नव्या एलईडी दिव्यांचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असतो. माथेरानच्या पलीकडे वांगणीला मुंबईचे खगोलप्रेमी आकाशदर्शनासाठी जातात, ते याच कारणाने.

या झळाळीची झळ केवळ हौशी माणसांना लागत नाही. पहिल्या पावसानंतर आमच्या गच्चीच्या दिव्याखाली सकाळी मेलेल्या कीटकांचा थर असे. रात्री दिवा पेटवून जेवू नये, असे सांगताना वडीलधाऱ्यांनी ज्या जिवांचा विचार केला, तेच हे जीव. मी सोसायटीच्या सभेत विषय मांडला तेव्हा ताऱ्यांच्या गोष्टीने कोणी फारसे हलले नाही. कीटकांनी भरलेली केरभरणी पुढे ठेवली, तेव्हा निर्णय झाला. आता दिव्याला खाली प्रकाश पाडणारे झाकण आहे आणि दहानंतर तो बंद होतो. जिन्याचा दिवा तसाच आहे, त्यामुळे सुरक्षिततेची तक्रार कोणी केली नाही.

खगोलशास्त्रज्ञांच्या अलीकडील मोजणीनुसार ते वलय सुमारे अडीच हजार प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या आसपासच्या काळात निघालेला प्रकाश आज पनवेलला पोहोचतो आहे. एवढा प्रवास करून तो आपल्या दारी येतो आणि शेवटच्या काही मैलांत आपल्याच अनावश्यक दिव्यांत हरवतो. या कार्तिकात, घरातील एक तरी विनाकारण जळणारा दिवा मालवून मुलांना गच्चीवर न्यावे. दुर्बीण नसली तरी चालेल. पश्चिमेकडे झुकलेला अभिजित साध्या डोळ्यांनीही ओळखता येतो.