पडद्यावरचा दांडपट्टा आणि आपल्या चित्ररथातला : फरक नीट समजून घ्या

हुबळी-धारवाड : शिवजयंतीचा चित्ररथ असो की शाळेचं स्नेहसंमेलन, मावळ्याच्या हातात तलवारीबरोबर आता दांडपट्टाही हवा असतो. महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा हे राज्यशस्त्र जाहीर केलं, तेव्हापासून कुतूहल आणखी वाढलंय. पण सिनेमात दिसतो तसाच पट्टा लोखंडात बनवून मिरवणुकीत न्यायचा म्हणाल, तर जरा थांबा.

खरा पट्टा कसा असतो?

तलवार मुठीत धरतात, पट्टा हातावर चढवतात. कोपरापर्यंत लोखंडी खोबण, तिच्या आत आडवी मूठ आणि पुढे लांब, लवचिक, दुधारी पातं. मनगट अडकलेलं असल्यामुळे वार खांद्यातून आणि कमरेच्या फिरकीतून होतो. म्हणून पट्टेकरी सतत फिरताना दिसतो. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात पट्ट्याने लिंबू कापतात, पण त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव असतो.

सिनेमात काय होतं?

पावनखिंडीचे बाजीप्रभू म्हटलं की दोन्ही हातांत पट्टे घेतलेला वीर डोळ्यांपुढे येतो. १६६० ची ही लढाई मराठी सिनेमाने वेळोवेळी सांगितली; २०२२ चा दिग्पाल लांजेकर यांचा ‘पावनखिंड’ हे त्याचं एक उदाहरण. शिवकालीन चित्रपटांची परंपरा मात्र मूकपटाइतकी जुनी. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात ‘सिंहगड’ काढला तो १९२३ मध्ये. पुढे भालजी पेंढारकरांनीही शिवकाळ पडद्यावर आणला.

शूटिंगला साधारणपणे एकाच शस्त्राच्या दोन-तीन प्रती ठेवतात. जवळून दिसणारी प्रत धातूची, नक्षीदार, पण बोथट. मारामारीची प्रत ॲल्युमिनियम, फायबर, लाकूड किंवा रबराची. खणखणाट नंतर स्टुडिओत भरतात. म्हणजे पडद्यावर जे जड वाटतं, ते नटाच्या हातात बऱ्याचदा हलकंच असतं. हलकं नसेल तर दिवसभर ‘रीटेक’ देणार कोण?

आपण बनवायचा तर?

खोबणीसाठी जाड पुठ्ठा किंवा फोमची शीट हाताभोवती गुंडाळून चिकटवा. आत लाकडी दांडी आडवी बसवा, कोपराजवळ पट्टी बांधा. पात्यासाठी फोमच्या दोन पट्ट्यांमध्ये बांबूची पातळ कामटी घाला. टोक गोल ठेवा, वरून चंदेरी रंग द्या. पत्रा वापरू नका. धार लावली नाही तरी पत्र्याची कड कापतेच. लहान मुलांसाठी पातं त्यांच्या हाताच्या लांबीपेक्षा मोठं नको. फिरवताना चारही बाजूंना मोकळी जागा हवी, कारण पट्टा एकदा फिरला की मनगटाने आवरता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची तलवार, खंजीर, भाला अशी धारदार हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. दांडपट्ट्याचं पातं या मापात सहज बसतं. त्यामुळे ‘शोभेची’ म्हणून ऑनलाइन मागवलेली धारदार वस्तू शोभेचीच ठरेल याची खात्री नाही. शिवाय सणासुदीला पोलीस आयुक्तालय शस्त्र बाळगण्यावर बंदी घालू शकतं. मिरवणुकीची परवानगी काढतानाच नकली शस्त्रांचा उल्लेख अर्जात करा. मंडळाचा आणि पोरांचा त्रास वाचेल.

हे फक्त शिवचरित्राच्या देखाव्यापुरतं नाही. चन्नम्मा सर्कलवर राणी घोड्यावर तलवार घेऊन उभी आहे. कित्तूर चन्नम्मा आणि संगोळ्ळी रायण्णा यांच्या नाटकांनाही तलवारी लागतातच. कन्नड असो वा मराठी, रंगमंचावरच्या शस्त्राचा नियम एकच : लांबून खरं दिसावं, जवळून कुणाला लागू नये.