चाकाला बांधलेली लाल चिंधी

व्हायवाला सरांनी विचारलं, "ओडोमीटर कसा चालतो?" तर आपण काहीतरी ठोकून देऊ. पण "बैलगाडीला बसवून दाखव, तेही लाकडाचा" म्हटलं तर? १८४७ साली अमेरिकेच्या माळरानावर काही मंडळींनी नेमकं हेच केलं. त्यांच्या मार्गावरून मी मागच्या उन्हाळ्यात मोटरसायकलवरून गेलो, त्याची ही हकिकत.

ही मंडळी म्हणजे मॉर्मन. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापलेला हा ख्रिस्ती पंथ. शेजाऱ्यांशी कुठेच पटेना. १८४४ मध्ये जमावाने तुरुंगात घुसून स्मिथला ठार केलं आणि १८४६ मध्ये त्याच्या अनुयायांना इलिनॉयमधलं नाउव्हू गाव सोडावं लागलं. आजच्या ओमाहाजवळ हिवाळा काढून पहिली तुकडी एप्रिल १८४७ मध्ये पश्चिमेला निघाली. १४३ पुरुष, ३ बायका, २ मुलं. म्होरक्या ब्रिगहॅम यंग.

आम्हीही ओमाहाहूनच निघालो. मी इथून मेकॅनिकल करून एम.एस.ला नेब्रास्कात गेलेला. गाडी रूममेटची, सेकंडहँड. तो चालवणार आणि मी मागे बसून रस्ता सांगणार, अशी वाटणी.

तर ती चिंधी. तुकडीतल्या विल्यम क्लेटनकडे रोजचं अंतर लिहून ठेवायचं काम होतं. मागून येणाऱ्या हजारोंना पाणी कुठे, गवत कुठे, मुक्काम कुठे हे कळायला हवं ना! पण प्रत्येक जण अंदाजाने वेगळाच आकडा सांगे. क्लेटनने एका चाकाचा घेर मोजला, तो भरला १४ फूट ८ इंच. करा गुणाकार: ३६० फेरे म्हणजे बरोब्बर ५,२८० फूट, एक मैल! मग त्याने आऱ्याला लाल कापड बांधलं आणि ८ मे रोजी दिवसभर गाडीशेजारी चालत फेरे मोजले. भरले ४,०७०. म्हणजे सव्वाअकरा मैल आणि वर २० फेरे. बाकीचे लोक तेरा-चौदा मैल म्हणत होते!

रोज असं मोजत बसणं म्हणजे शिक्षाच. शेवटी ऑर्सन प्रॅटने यंत्र सुचवलं आणि ॲपलटन हार्मन या सुताराने ते घडवलं. चाक सहा वेळा फिरलं की एक दांडा एकदा फिरे. दांड्यावर स्क्रू कोरलेला, तो ६० दात्यांचं चाक फिरवे. सहा गुणिले साठ, तीनशे साठ. म्हणजे त्या चाकाचा एक फेरा, एक मैल. पुढे आणखी एक दातेरी चाक, दहा मैलांना एक फेरा. आपल्या वर्म गिअरचंच गणित. १८४८ मध्ये क्लेटनने प्रवाशांसाठी मार्गदर्शिका छापली. तिच्यात सॉल्ट लेकपर्यंतचं अंतर आहे १,०३१ मैल. आमच्या मीटरवर साधारण १,१०० भरले, पण आम्ही डांबरी रस्त्याने वळसे घेत गेलो होतो.

नेब्रास्का सरळ आणि (खरं सांगतो) कंटाळवाणा. चिमनी रॉकचा सुळका दिसला तेव्हा कुठे जीवात जीव आला. वायोमिंगमध्ये वारा आडवा येतो, तोही असा की गाडी तिरकी धरूनच चालवावी लागते. कॅस्परच्या पुढे मार्टिन्स कोव्हला पोचलो. तिथे पाहुण्यांना ओढून बघायला हातगाड्या ठेवल्या आहेत. आम्ही एक रिकामी गाडी वाळूत थोडीशीच ओढली आणि बाकावर बसलो.

कारण १८५६ मध्ये पंथाकडे पैसे कमी आणि युरोपातून येणारी गरीब माणसं जास्त. बैल परवडेनात, म्हणून हातगाड्या काढल्या. माणशी सामान १७ पौंड. जूनमध्ये निघालेल्या तुकड्या ठीक पोचल्या. पण विली आणि मार्टिन या दोघांच्या तुकड्या आयोवा सिटीला उशिरा आल्या तेव्हा गाड्या तयारच नव्हत्या. घाईघाईने, न वाळलेल्या लाकडाच्या ठोकल्या. ओलं लाकूड वाळताना आकसतं, आणि सगळ्या दिशांनी सारखं नाही. वायोमिंगच्या कोरड्या हवेत आरे सैल झाले, वंगण नसल्याने वाळूने आस झिजले. रोज दुरुस्ती, रोज खोळंबा. (सबमिशनच्या आदल्या रात्री चिकटवलेलं मॉडेल आठवलं आणि हसू मात्र आलं नाही.)

ऑगस्टमध्ये ओमाहाशेजारच्या फ्लोरेन्सला सभा झाली. या वाटेवरून आधी गेलेला लीव्हाय सॅव्हेज म्हणाला, इथेच हिवाळा काढा, नाहीतर म्हातारी आणि लहान मुलं मरतील. ऐकलं नाही कुणी. तरी तो त्यांच्याबरोबरच गेला. ऑक्टोबरमध्ये मार्टिनच्या लोकांनी ओझं कमी करायला पांघरुणं आणि कपडे जाळले; दोनच दिवसांनी, १९ तारखेला, नॉर्थ प्लॅट नदी ओलांडताना बर्फ सुरू झाला. दोन्ही तुकड्यांत मिळून जवळजवळ हजार माणसं होती, त्यातली दोनशेच्या वर गेली.

बातमी कळताच यंगने ५ ऑक्टोबरला भर परिषदेत बाकी विषय बाजूला ठेवून मदत मागितली आणि दोन दिवसांत पिठाच्या गाड्या निघाल्या. त्या पोचल्या नसत्या तर आकडा कुठे गेला असता कोण जाणे. पण इतक्या उशिरा त्यांना निघू का दिलं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि मलाही पडला.

मार्टिन्स कोव्हपासून साउथ पास ही खिंड मोटरसायकलने काही तासांवर. ७,४१२ फूट उंची, पण चढ जाणवतसुद्धा नाही. जाणवते ती थंडी. जून महिना, अंगात दोन जॅकेटं, तरी बोटं क्लचवर आखडली, असं रूममेट म्हणाला. जवळच रॉक क्रीकला विलीच्या तुकडीतल्या तेरा जणांना एकाच खड्ड्यात पुरलं होतं. तिथे आम्ही दोघंही फार बोललो नाही.

मग फोर्ट ब्रिजर, एको कॅन्यन आणि शेवटी बिग माउंटन. इथूनच १८४७ च्या लोकांना सॉल्ट लेकचं खोरं पहिल्यांदा दिसलं. विलीची तुकडी तिथे पोचली ९ नोव्हेंबरला आणि मार्टिनची ३० नोव्हेंबरला. हातगाड्या त्यानंतरही १८६० पर्यंत चालू होत्या, फक्त लवकर निघत.