सोळा आण्यांची जमीन : कोल्हापूरच्या मातीची प्रतवारी आणि नकाशे

कोल्हापूर जिल्ह्यातील बहुतेक जमीन एकाच खडकापासून तयार झाली आहे. तो खडक म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, बेसाल्ट. दक्षिणेकडे काही ठिकाणी कलादगी वालुकाश्म उघडा पडतो, पण तेवढा अपवाद सोडला तर मूळ खडक सगळीकडे सारखाच. तरीही गगनबावड्याची माती आणि शिरोळची माती शेजारी ठेवली तर त्या एकाच जिल्ह्यातल्या वाटत नाहीत. दोन्ही ठिकाणांमध्ये सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही. पाऊस मात्र गगनबावड्याला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या पुढे जातो आणि शिरोळला 500-600च्या घरात थांबतो. जिल्ह्याच्या मृदा नकाशाचे मर्म पावसाच्या या उतारात आहे.

पश्चिमेच्या धुवाधार पावसात खडकातले चुना, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिकाही वाहून जाते. लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहते. त्यातून जांभा तयार होतो. या तांबड्या, सच्छिद्र दगडाला 1807 साली छापलेल्या प्रवासवृत्तात फ्रान्सिस बुकॅनन याने ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. नमुना केरळातला होता. पन्हाळगड आणि मसाईचे पठार जांभ्याच्याच टोपीवर आहेत. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवर बॉक्साइट सापडते तेही याच प्रक्रियेमुळे. मात्र हे सडे आजच्या पावसाने घडवलेले नाहीत. ते फार जुन्या भूपृष्ठाचे अवशेष आहेत. आजचा पाऊस त्यांच्या उतारांवर नवी तांबडी माती घडवतो, एवढेच.

पूर्वेला चुना वाहून जाण्याइतका पाऊस पडत नाही, म्हणून तो मातीतच राहतो आणि फुगणारी-आकसणारी चिकणमाती तयार होते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात त्या मिटतात. आतले थर एकमेकांवर घासून गुळगुळीत, चकचकीत होतात. खड्ड्यातली ही चकाकी दिसली की सर्वेक्षकाला काळ्या मातीची खूण पटते. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात माळावर उथळ मुरमाड जमीन, उतारावर मध्यम आणि पंचगंगा, दूधगंगा, वारणेच्या काठी गाळाची, मळीची जमीन आढळते.

या जमिनीची पहिली पद्धतशीर प्रतवारी महसुलासाठी झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835 साली इंदापूर तालुक्यातून सुरू केलेल्या मोजणीचे नियम 1847च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. कोल्हापूर संस्थानातही पुढे त्याच धर्तीवर मोजणी झाली. प्रतबंदीची रीत सोपी होती, आणि आज वाचतानाही तिच्या नेमकेपणाचे कौतुक वाटते. शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खणून मातीची खोली हातात मोजायची, पोत व रंग पाहून तिला तीनपैकी एका वर्गात घालायचे. बारीक पोताची, पावणेदोन हात खोल काळी जमीन सोळा आण्यांची. तिथून उतरत जाडीभरडी, पाव हात खोलीची जमीन दोन आण्यांवर. चुनखडी, वाळू, उतार, पाणी न मुरणे, वरून लोट येणे असे दोष असले तर प्रत्येक दोषामागे एक प्रत खाली. सातबाऱ्यावरची ‘आकारणी’ आणि ‘पोटखराबा’ ही त्याच कामाची आजवर टिकलेली निशाणी.

पण या पद्धतीत खोलीला सर्वाधिक मान होता, कारण शेती पावसावरची होती आणि खोल मातीत ओल टिकते. बारमाही पाणी आल्यावर काय होईल, हा प्रश्न तिने विचारलाच नव्हता. विचारण्याचे कारणही नव्हते.

माती कशी घडली यावरून वर्गीकरण करण्याची दृष्टी रशियन शास्त्रज्ञ दोकुचायेव यांच्या 1883च्या ग्रंथातून आली. महाराष्ट्रात तिचा महत्त्वाचा वापर पाडेगाव ऊस संशोधन केंद्रात झाला. जे. के. बसू आणि एस. एस. सिरूर यांनी नीरा उजवा व प्रवरा कालव्यांखालील मातीचे वर्गीकरण 1938 साली प्रसिद्ध केले. कालव्याखालच्या जमिनी का बिघडतात, हा त्यामागचा रोकडा प्रश्न होता.

आज देशभरचे काम नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोकडे आहे. 1976 साली स्थापन झालेल्या या संस्थेने राज्याचा नकाशा 1:2,50,000 प्रमाणावर केला. गावपातळीवरच्या कामासाठी 1:10,000 प्रमाण वापरले जाते. उपग्रह-प्रतिमेवरून आधी भूरूपे वेगळी काढतात. मग पठारापासून नदीपर्यंत एक आडवी रेघ धरून तिच्यावर खड्डे घेतात. दीड-दोन मीटर खोल, किंवा खडक लागेपर्यंत. खड्ड्याच्या भिंतीवर थर आखले जातात, रंग मुन्सेलच्या रंगपुस्तिकेशी ताडला जातो, ओली माती बोटांत दाबून तिची पट्टी किती लांब निघते ते पाहिले जाते, सौम्य आम्लाचे थेंब टाकून फेस येतो का हे तपासले जाते. सारख्या मातींची एक ‘मालिका’ होते आणि ती जिथे प्रथम नोंदली त्या गावाचे नाव तिला मिळते. तिच्यावर कुल, उपगट, मोठा गट, उपगण आणि गण अशा पायऱ्या. शिरोळकडची खोल काळी माती ‘व्हर्टिसॉल’ गणात बसते, माळावरची उथळ माती ‘एन्टिसॉल’मध्ये.

नकाशावरची रेघ मात्र शेतातल्या बांधासारखी ठाम नसते. एक माती दुसरीत हळूहळू मिसळते आणि रेघ कुठे ओढायची हे सर्वेक्षकाला ठरवावे लागते. शहराबाबत तर नकाशा गप्पच राहतो. राजारामपुरीच्या क्रमांकांच्या गल्ल्या ‘वस्ती’ या एकाच रंगाखाली जातात. खाली काय आहे ते पाया खणणाऱ्यालाच कळते.

शेतकऱ्याची स्वतःची प्रतवारी महसुली आणि शास्त्रीय या दोन्हींहून वेगळी आहे. वाफसा, म्हणजे पावसानंतर मशागतीजोगी ओल, किती दिवसांत येतो, हा तिचा एक मोठा निकष. मुरमाड जमिनीला लवकर येतो, भारी काळीला फार उशिरा. गुऱ्हाळवालाही माती ओळखतो. निचऱ्याच्या मध्यम जमिनीतल्या उसाचा गूळ पिवळाधमक उतरतो, खारवट जमिनीतला काळपट आणि खारट होतो.

जुन्या प्रतबंदीने न विचारलेला बारमाही पाण्याचा प्रश्न पुढे उभा राहिलाच. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी नदीत पाणी अडले, उपसा योजना आल्या, साखर कारखाने उभे राहिले आणि भारी जमिनीत उसामागून ऊस घेतला जाऊ लागला. मोकाट पाण्याने भूजल वर आले आणि सोबत क्षारही. पृष्ठभागावर पांढरा थर दिसतो ती खारवट जमीन. सोडियमने चुन्याची जागा घेतली, मातीचे कण विस्कटून छिद्रे बुजली आणि सामू 8.5च्या वर गेला की ती चोपण. शिरोळ तालुक्यात दोन्ही प्रकार आहेत. इथे हानी सर्वांत आधी खोल, काळ्या, सखल जमिनीची होते. जुन्या दप्तरातली सोळा आण्यांची जमीन ती हीच.

उपाय जमिनीखाली करावा लागतो. मीटर-दीड मीटर खोलीवर सच्छिद्र पाइप टाकून पाणी मुख्य नळीत आणि तिथून नाल्यात सोडतात. चोपण जमिनीला आधी जिप्समही द्यावे लागते. पाण्याला वाट खालच्या शेतातूनच मिळते, त्यामुळे एकट्याने हे काम होत नाही. शिरोळच्या दत्त सहकारी साखर कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र आणून ते हाती घेतले. पाइपची आखणी करण्यासाठी भूजलाची पातळी, क्षारता आणि पाणी मुरण्याचा वेग यांचा शेतवार नकाशा लागतो. 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बागायतीतला नमुना अडीच हेक्टरांमागे एक आणि तोही वरच्या थरातला असतो. निचऱ्याच्या कामाला तो पुरत नाही; तिथे पुन्हा खड्डाच घ्यावा लागतो, आणि तोही पावणेदोन हातांहून खोल.