घोडी व्यायला झाली? गाईचा अंदाज इथे चालत नाही

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून दरवर्षी कितीतरी घोड्या गावोगाव जातात. त्यातल्या काही गाभण असतात. विकणारा "पाच महिन्यांची आहे" म्हणतो, घेणारा मान डोलावतो आणि घरी आल्यावर घोडी गाई-म्हशींच्या शेजारी गोठ्यात बांधली जाते. अडचण तिथूनच सुरू होते, कारण पुढचे सगळे अंदाज गाईवरून बांधले जातात. गाय व्यायला काही तास घेते, वार पडायला अख्खी रात्र गेली तरी बऱ्याचदा निभावतं. घोडीचं तसं नाही. पाण्याची पिशवी फुटल्यापासून साधारण अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं आणि त्यानंतर तीन तासांत वार. "सकाळी बघू, डॉक्टरांना फोन करू" म्हणेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

तारीख लिहून ठेवा

गाय नऊ महिने नऊ दिवसांची, तर घोडी अकरा महिन्यांची. सरासरी ३४० दिवस, पण ३२० पासून ३६५ दिवसांपर्यंत केव्हाही व्याली तरी ते नैसर्गिक धरतात. म्हणजे १५ मार्चला फळवलेली घोडी पुढच्या वर्षी १८ फेब्रुवारीच्या आसपास व्यायला हवी. पण जानेवारी संपता संपता लक्ष ठेवायला लागायचं आणि मार्चच्या मध्यापर्यंत थांबायची तयारी ठेवायची. दिवस वर गेले म्हणून कुणाच्या सांगण्यावरून कळा यायचं इंजेक्शन देऊ नये. विकत आणलेल्या घोडीची तारीख माहीत नसेल तर पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. तपासणीचा खर्च घोडीच्या किमतीपुढे काहीच नाही.

दहाव्या महिन्यात काय करायचं

सगळ्यात आधी धनुर्वाताची लस. पाळीव जनावरांत धनुर्वाताचा सगळ्यात जास्त धोका घोड्याला, आणि त्याचे जंतू लिदीत, मातीत असतातच. आधी लस झालेली असेल तर व्यायच्या चार ते सहा आठवडे अगोदर एक डोस पुरतो. कधीच दिलेली नसेल तर महिन्याच्या अंतराने दोन लागतात, त्यामुळे आठव्या-नवव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारायला हवं. आईला दिलेल्या लसीचा फायदा चिकातून शिंगराला मिळतो. जंताचं औषधही त्याच वेळी विचारून घ्यावं. मेडिकलवरून गाईचं औषध आणून अंदाजाने पाजू नये.

जागा बदलायची असेल तर तीही याच वेळी. ज्या ठिकाणी व्यायची तिथे घोडी महिनाभर आधी राहिली, तर तिथल्या जंतूंविरुद्धची ताकद तिच्या अंगात तयार होते आणि चिकात उतरते. किमान १२ बाय १२ फूट मोकळी, कोरडी जागा हवी. खिळे, तारा, गव्हाणीचे टोकदार कोपरे काढून टाकावेत. खाली गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा जाड अंथरावा. लाकडाचा भुसा नको, तो ओल्या शिंगराच्या नाकातोंडाला चिकटतो. मेंढरांबरोबर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या धनगरांच्या घोड्या माळावरच व्यातात आणि त्यात काही कमी नाही. शेण-मुताने ओल्या गोठ्यापेक्षा स्वच्छ गवताचा माळ केव्हाही चांगला, फक्त कुत्र्यांपासून राखण हवी.

चाऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: गाईची पेंड घोडीला घालायची नाही. गाई-म्हशींच्या काही खाद्यांत युरिया असतो, काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला चालणारं मोनेन्सिन घोड्याच्या हृदयावर घाला घालतं, थोड्या प्रमाणातही जीव घेतं. शिंगराची जास्त वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते, म्हणून त्या काळात चांगल्या वाळल्या चाऱ्याबरोबर लसूणघास, भिजवलेला हरभरा, कोंडा हळूहळू वाढवत न्यावा. एकदम वाढवला तर पोटशूळ ठरलेला. बुरशी आलेला कडबा आणि कोवळी हिरवी ज्वारी दोन्ही टाळावीत. पाणी दिवसभर समोर असावं. ओझं, टांगा, वरातीचं नाचकाम शेवटच्या तीन महिन्यांत बंद. पण घोडी दिवसरात्र खुंट्याला बांधूनही ठेवू नये. मोकळी फिरली की पायांना सूज कमी येते.

कास सांगते

दोन ते सहा आठवडे आधी कास भरायला लागते. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचं मांस सैल पडतं, निरण लांबट आणि ढिलं होतं. सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळसर थेंब दिसले की बहुतेक घोड्या एक ते चार दिवसांत व्यातात. काही हे मेण न दाखवताच व्यातात, म्हणून रोज संध्याकाळी कासेचा एक फोटो काढून ठेवला तर फरक लगेच कळतो. चीक आधीच धार लागून गळायला लागला तर मात्र तो वाया जातोय. स्वच्छ बाटलीत धरून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि डॉक्टरांना कळवावं.

रात्रीची वेळ

घोड्या बहुतेक रात्रीच व्यातात, आजूबाजूला सामसूम झाली की. आधी ती बेचैन होते, घाम येतो, कुशीकडे बघते, उठ-बस करते. पोटशूळासारखंच दिसतं सगळं. या वेळी घरची-दारची दहा माणसं, मोबाइलचे फ्लॅश आणि व्हिडिओ नकोत. गडबड असली की घोडी थांबते. एकाने लांबून बघावं आणि पिशवी फुटली की घड्याळ बघून वेळ लिहावी.

आता निरणात पांढुरकी, चमकदार पिशवी दिसायला हवी. त्यात पुढचे दोन पाय, एक जरा पुढे एक जरा मागे, खुरांचे तळवे खाली आणि गुडघ्यांवर टेकलेलं नाक. असं असेल तर हात लावायची गरज नाही. दहा-पंधरा मिनिटांत पाय दिसले नाहीत, एकच पाय दिसला, किंवा तळवे वर आहेत, तर लगेच डॉक्टर. ते येईपर्यंत घोडीला उठवून हळू चालवावं, म्हणजे कळांचा जोर कमी राहतो. चार जणांनी दोर बांधून ओढायचा खेळ करू नये.

एकच प्रसंग असा आहे की डॉक्टरांची वाट बघायची नाही. पांढऱ्याऐवजी लाल, मखमलीसारखी पिशवी आधी बाहेर आली, तर वार आतल्या आत सुटली आहे आणि शिंगराची हवा तुटली आहे. ती पिशवी तिथल्या तिथे फाडायची आणि कळ येईल तसं पाय धरून शिंगरू खालच्या दिशेला काढायचं. इथे मिनिटांचा हिशोब असतो.

शिंगरू बाहेर आल्यावर नाकावरची झिल्ली पुसावी. नाळ कापायची घाई करू नये. घोडी उठली की ती आपोआप तुटते, तोवर शिंगराकडे रक्त जात असतं. तुटल्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या जंतुनाशकात बेंबी बुडवावी, हळद-राख लावू नये.

एक, दोन, तीन

शिंगरू एका तासात उभं, दोन तासांत पीत, वार तीन तासांत बाहेर. एवढं घरातल्या लहान पोरालाही पाठ करून द्यावं. शिंगरू जन्मतः रोगाशी लढायची ताकद जवळपास न घेता येतं. ती सगळी चिकातून मिळते, आणि त्याच्या आतड्यांना ती शोषता येते ती मुख्यतः पहिल्या सहा-आठ तासांत. दिवस उलटला की चीक पाजूनही उपयोग नाही. पहिलं दूध जड असतं म्हणून पिळून टाकायची पद्धत काही घरांत अजून आहे. तसं केलं तर शिंगरू चार दिवसांत आजारी पडतं आणि दोष नजर लागण्याला जातो.

लोंबणारी वार पायाखाली येऊ नये म्हणून तिचीच गाठ मारून वर घ्यावी. ओढू नये, वीट किंवा चप्पल बांधून वजन देऊ नये. तीन तास झाले की फोन. वार आत राहिली तर गर्भाशयात विष होतं, त्यातून खुरांची सूज येते आणि घोडी कायमची लंगडी होते किंवा दगावते. पडलेली वार कुत्र्याला टाकू नये. बादलीत झाकून ठेवावी, डॉक्टर ती पसरून तुकडा आत राहिला का ते बघतात. ते लांब असतील तर पसरून फोटो पाठवावा.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, पण रात्री दोनला गाडी किती वेळात पोचेल याच्या भरवशावर बसू नये. घोडा हाताळणारे डॉक्टर तालुक्यात मोजकेच असतात. कास भरायला लागली त्याच आठवड्यात दोघांचे नंबर घेऊन, "रात्री फोन केला तर याल ना?" असं आधीच विचारून ठेवावं.