पाच रुपयांचा पुडा

साबण, बिस्किटं, शॅम्पू या रोज संपणाऱ्या वस्तूंच्या विक्रीचं खरं हत्यार जाहिरात नसून ठरावीक किंमत आहे, असं मला वाटतं. 1983 साली सी. के. रंगनाथन यांनी तमिळनाडूत कंपनी काढली आणि ‘चिक’ शॅम्पू छोट्या पुडीतून विकला. गावोगावी प्रात्यक्षिकं केली. पुढे पुडीची किंमत 50 पैशांवर आणली. बाटलीचे पैसे एकदम न काढू शकणारा मजूरही त्यामुळे ग्राहक झाला. तिथून एक, पाच, दहा रुपये हे आकडे बाजाराचे खांब बनले: दुकानदाराला सुटे शोधावे लागत नाहीत, मूलही नाणं देऊन पुडा मागतं. मग कच्चा माल महागला की किंमत तीच राहते आणि वजन घटतं. विलेपार्ल्यात जन्मलेल्या पार्ले-जीचा पुडाही असाच हलका होत गेला.

यावर म्हटलं जातं, की वजन छापलेलं असतं, फसवणूक कुठे आहे? कायद्याने नाहीच. आणि रोजंदारीवरच्या घराला छोटी पुडी खरोखर सोयीची आहे, हेही मान्य. पण घाईत माणूस किंमत पाहतो, ग्रॅम नव्हे. कंपन्यांचा सारा हिशेब या सवयीवरच उभा आहे. 2021च्या वेष्टनविषयक नियमदुरुस्तीने दर ग्रॅमची वा मिलिलिटरची किंमत छापायला सांगितलं, ते म्हणूनच मोलाचं. ती ठळक अक्षरांत, एमआरपीच्या शेजारीच हवी.