सिस्टिक फायब्रोसिस : नियमित तपासणीची तयारी

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात सीएफटीआर जनुकातील दोषामुळे फुप्फुसांतील व स्वादुपिंडातील स्राव घट्ट, चिकट होतो. अमेरिकेतील केंद्रांत रुग्णांना साधारण दर 3 महिन्यांनी बोलावतात. वजन-उंची मोजतात, स्पायरोमीटरमध्ये जोराने फुंकायला लावून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते पाहतात आणि बेडका कल्चरला पाठवतात. बेडका पाडता न येणाऱ्या लहान मुलांच्या घशातून नमुना घेतात.

वर्षातून एकदा रक्तातून यकृताचे कार्य आणि अ, ड, ई जीवनसत्त्वांची पातळी तपासतात. दहाव्या वर्षापासून दरवर्षी ग्लुकोज चाचणीही होते. तिच्यासाठी किमान 8 तास उपाशी राहावे लागते. दर किलो वजनामागे 1.75 ग्रॅम, जास्तीत जास्त 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि 2 तासांनी पुन्हा रक्त घेतात. त्यामुळे सकाळची वेळ सोयीची पडते. नंतरच्या खाण्यासाठी डबा आणि पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल जवळ असाव्यात.

औषधांची मात्रांसह यादी, चुकणारे डोस, खोकल्यातील किंवा शौचातील बदल आणि विचारायचे प्रश्न आधीच लिहून ठेवावेत. स्यूडोमोनाससारखे जिवाणू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. म्हणून दवाखान्यात मास्क लावावा आणि या आजाराच्या इतर रुग्णांपासून 2 मीटर अंतर राखावे.